वादळ कमकुवत झाले, मिरची भिजली

मा. महासंचालक,
भारतीय हवामानशास्त्र विभाग,
मौसम भवन, नवी दिल्ली यांस



हे पत्र नंदुरबारहून आहे आणि वादळाविषयी आहे. आमच्या जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा पत्ता चुकला असे समजून ते बाजूला ठेवू नये. नकाशावर एकदा पट्टी ठेवून पाहा. नंदुरबार शहरापासून सुरतेजवळचा समुद्र सरळ रेषेत दीडेकशे किलोमीटरवर येतो. नवापूरहून तर सव्वाशेच्या आत. मुंबईचा समुद्र आम्हाला याच्या दुप्पट लांब. नवापूरच्या रेल्वे स्टेशनात राज्याची हद्द मधूनच जाते, अर्धे स्टेशन महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत. वाऱ्याला आणि ढगाला तेवढीही हद्द नाही. महाराष्ट्राचा किनारा आमच्या वाट्याला येत नाही. आमचा समुद्र गुजरातचा. त्यामुळे वादळ सुरतेकडे निघाले की मुंबईचे चॅनेल सुटकेचा श्वास सोडतात आणि आमच्याकडे ताडपत्र्या शोधायची धांदल उडते.

ताडपत्री कशासाठी, ते सांगतो. नंदुरबारच्या बाजार समितीत दसरा-दिवाळीपासून ओल्या लाल मिरचीचे लिलाव सुरू होतात. मिरचीच्या बाजारात गुंटूरच्या पाठोपाठ आमचे नाव घेतात. फापडा, लाली, जरेला, व्हीएनआर असा माल येतो. व्यापारी तो ओलाच घेतो आणि शहराबाहेरच्या उघड्या, सपाट केलेल्या जमिनीवर पातळ थरात पसरून वाळवतो. या जागेला आम्ही पथारी म्हणतो. डिसेंबरात सुरत-भुसावळ लाईनवरून जाणाऱ्याला खिडकीतून एकरच्या एकर लाल दिसते, आणि पहिल्यांदा येणारा माणूस गावात शिरता शिरता दोन-चार शिंका देतो. शंभर किलो ओल्या मिरचीची सुकून पंचवीस ते पस्तीस किलो होते. बाकीचे सगळे पाणी, आणि ते उन्हाने न्यायचे असते. आठ-दहा दिवस स्वच्छ ऊन, कोरडा वारा, रात्री थोडी थंडी, एवढेच भांडवल. ते फुकट मिळते म्हणून या धंद्याने कधी छप्पर बांधले नाही.

आमच्या घरची पथारी थोरला भाऊ पाहायचा. मी शाळेत मास्तर होतो, पण डिसेंबरात आमच्या घरात कुणीच नुसता मास्तर नसतो. २०१७ सालच्या डिसेंबरातली ४ तारीख, सोमवार. दुपारपासून ऊन फिके पडले होते. ओखी वादळ कन्याकुमारी आणि लक्षद्वीपला झोडपून वर सरकते आहे, हे पेपरात रोज येत होते. संध्याकाळी आम्ही मिरची ओढायला लागलो. पंधरा बायका, पाच गडी, आणि मी. अंधार पडेपर्यंत निम्मी मिरची ढिगात ताडपत्रीखाली गेली, निम्मी तशीच पसरलेली राहिली. रात्री जेवताना टीव्हीवर पट्टी सरकत होती: ओखी कमकुवत होणार. भाऊ म्हणाला, "कमकुवत होणार म्हणतात. राहू दे आता. बाया दमल्या आहेत."

पहाटे राखणदाराने दाराशी येऊन हाक मारली, "भाऊ, आभाय उनं." म्हणजे आभाळ आले.

पाऊस तरी केवढा? छत्री न घेता चौकातून दूध घेऊन यावे एवढा. पण दिवसभर. ना वारा, ना गडगडाट. आमच्या पथारीवरचे बाभळीचे झाडसुद्धा हलले नाही. तिसऱ्या दिवशी ऊन पडले तेव्हा मी एक मिरची उचलली. वरून लाल, जरा निस्तेज इतकेच. देठाशी काळा ठिपका. बोटांनी फोडली तर आत बियांच्या गाभ्याला राखेसारखी बुरशी धरलेली. ओल्या गोणपाटाचा वास. बाजारात माल घेणारा पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो, तळातली मूठभर काढतो, नाकाशी नेतो आणि परत टाकतो. बोलत नाही. त्या वर्षी आमच्या पोत्यांत हात घालणाऱ्यांपैकी फारसे कुणी बोलले नाही.

आता एक गोष्ट मोकळेपणाने कबूल करतो. तुमच्या खात्याचा अंदाज चुकला नव्हता. ओखी दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याकडे वळेल आणि पोहोचता पोहोचता विरेल, असे तुम्ही आधी सांगितले होते. झालेही तसेच. २ डिसेंबरला ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात वारे असलेले ते वादळ पुढे उतरणीला लागले आणि ६ च्या पहाटे सुरत आणि डहाणूच्या मधून नुसते कमी दाबाचे क्षेत्र होऊन जमिनीवर आले. मुंबईच्या शाळांना ५ तारखेला सुट्टी दिली होती. महापरिनिर्वाण दिनासाठी दादरला आलेल्या लोकांचे मंडप भिजले, त्यांना शाळांमध्ये हलवावे लागले. केरळ आणि तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार तर परत आलेच नाहीत. त्यांच्यापुढे आमची मिरची म्हणजे काहीच नाही, आणि त्यांना तर वादळाने कमकुवत व्हायच्या आधीच गाठले होते. माझे म्हणणे अंदाजाविषयी नाही. ते 'कमकुवत' या एका शब्दाविषयी आहे.

तुमची शिडी मी वाचली आहे. वारा ताशी ३१ किलोमीटरच्या खाली असेल तर कमी दाबाचे क्षेत्र, ३१ पासून डिप्रेशन, ५० पासून डीप डिप्रेशन, ६२ पासून चक्रीवादळ आणि तिथून पुढे त्याला नाव मिळते. ८९ ला ते तीव्र होते, ११८ ला अतितीव्र. (आमच्या पेपरांत 'डिप्रेशन'ला कुणी न्यूनदाब लिहितो, कुणी कमी दाबाचा पट्टा, कुणी सरळ डिप्रेशन. मिरचीवाल्याला शेवटचा शब्द जास्त पटतो.) या शिडीच्या सगळ्या पायऱ्या वाऱ्याच्या आहेत. पावसाला तिच्यात एकही पायरी नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला हे योग्यच आहे. त्याची होडी, त्याचे कौल, त्याची माडाची झाडे वाऱ्यानेच जातात. आमच्यापर्यंत तो वारा येतच नाही. येतो तो पाऊस, आणि तो कोणत्या पायरीवरचा, हे शिडी सांगत नाही.

त्यातही गंमत अशी, की वादळ ज्यामुळे कमकुवत होते त्यामुळेच ते आमच्याकडे येते. हे मी तुम्हाला शिकवावे असे नाही, तुमच्याच लोकांच्या लेखांतून उचललेले आहे, पण इतर वाचकांसाठी लिहितो. हिवाळ्याच्या तोंडावर उत्तर अरबी समुद्राचे पाणी तुलनेने थंड असते आणि वरच्या हवेत नैऋत्येकडून ईशान्येकडे जोराचे वारे वाहत असतात. खालून ऊब कमी पडते आणि वरचे वारे वादळाचा माथा ढकलत नेतात. भोवरा मागे समुद्रात घुटमळत राहतो आणि त्याचे ढग सुटून पुढे पळतात. पळतात कुठे, तर ईशान्येला. म्हणजे दक्षिण गुजरात, डांग, नवापूर, नंदुरबार, शहादा. म्हणून भोवरा अजून समुद्रात असतानाच आमच्याकडे झिमझिम सुरू होते, आणि भोवरा जमिनीवर येतो तेव्हा आमचा पाऊस संपतही आलेला असतो. बातमीत तेव्हा 'धोका टळला' असते. आमच्याकडे तो टळलेला नसतो, होऊन गेलेला असतो.

आता तुमच्या दुसऱ्या शिडीकडे, पावसाच्या. चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे हलका पाऊस. ६४.४ पर्यंत मध्यम. ६४.५ च्या वर गेला की तो जोरदार ठरतो आणि नकाशावर जिल्ह्याचा रंग बदलायला लागतो. वीज-वादळवारा नसेल आणि पाऊस हलका असेल तर जिल्हा हिरवाच राहतो. हिरवा म्हणजे कोणताही इशारा नाही. मिरचीचे म्हणाल तर पाच मिलिमीटर पुरतात. त्याहून कमीही पुरतात, फक्त ते रात्रभर पुरवून पडले पाहिजेत. ज्या दिवशी नंदुरबारची पथारी भिजून जाते, त्या दिवशी तुमच्या नकाशावर नंदुरबार हिरवे असू शकते, आणि तुमच्या नियमाने ते बरोबरही असते.

भाषेचेही तसेच. 'मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी हलक्या पावसाची शक्यता.' हे वाक्य मी जन्मभर रेडिओवर ऐकत आलो. तुमच्या हिशोबात मध्य महाराष्ट्र हा उपविभाग नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत पसरलेला आहे. अक्राणीच्या डोंगरातला पाडा आणि पंचगंगेचा घाट एकाच वाक्यात. 'तुरळक' म्हणजे उपविभागातल्या पाव भागापर्यंतची केंद्रे. तो पाव भाग कोणता, हे ऐकणाऱ्याने आपापल्या नशिबावरून ठरवायचे. अलीकडे जिल्हावार अंदाज देता, हे चांगले केलेत. पण हलक्या पावसाला त्यातही कुणी विचारत नाही.

मग रोज लाल रंग भरा, असे माझे म्हणणे आहे का? अजिबात नाही. पथारी झाकणे हा काही पलंगपोस टाकण्याचा प्रकार नव्हे. दोन एकरांवर पसरलेली मिरची ओढून ढीग करायला वीस माणसांना निम्मा दिवस लागतो. त्यांची मजुरी जाते. आणि अर्धवट सुकलेली मिरची ढिगात घालून वर ताडपत्री ओढली की आतून तिला घाम सुटतो. सकाळी ताडपत्री उचला, आतल्या बाजूने थेंब ओघळत असतात आणि ढिगात हात घातला तर तो गरम लागतो. असे दोन दिवस गेले की पाऊस न पडताही मिरची काळवंडते. म्हणजे झाकली तरी नुकसान, न झाकली तरी नुकसान. म्हणूनच आम्हाला भीती नको, वेळ हवी. आज रात्री की उद्या दुपारी? तीन तास की दीड दिवस? संपल्यावर ऊन किती वाजता? एवढे कळले तर झाकायचे की नाही, हे आमचे आम्ही ठरवू. ती अक्कल आमच्याकडे आहे.

ओखीनंतरचे दिवस पटकन सांगतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आधी क्यार आणि पाठोपाठ महा. महाचे नाव ऐकून लोक घाबरले. ते गुजरातकडे वळले आणि ७ नोव्हेंबरच्या सुमारास सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ समुद्रातच विरून गेले. त्या हंगामात महाराष्ट्रभर कापूस, सोयाबीन, मका अवकाळीने सडला, राज्यपालांना खरिपासाठी हेक्टरी ८ हजार रुपयांची मदत जाहीर करावी लागली. पुढे २०२१ च्या १ आणि २ डिसेंबरला तर वादळाला नावसुद्धा नव्हते. अरबी समुद्रात कमी दाब, वर पश्चिमेकडून आलेली थंड हवा, एवढेच. पुणे आणि नगरकडच्या मेंढपाळांची मेंढरे त्या पावसात आणि गारठ्यात उभ्या उभ्या मेली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासकांनी दाखवले आहे की अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या २००१ ते २०१९ या काळात आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली. त्यांतली मोठी वादळे तुम्ही चोख पकडता, आणि जीव वाचतात, हे देशाने पाहिले आहे. पण मोठ्या वादळांबरोबर अशी मरतुकडीही वाढतील, आणि ती कोणाच्या खात्यावर?

मिरचीपुरतेच हे नाही. आमच्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात, बारडोली, मढी, चलथानच्या कारखान्यांकडे. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूरचे पाडे डिसेंबरात म्हाताऱ्यांच्या भरवशावर असतात. ही माणसे उसाच्या फडाशेजारी बांबू आणि प्लास्टिकच्या खोपटात राहतात. वादळ सुरतेला कमकुवत होऊन धडकते तेव्हा ते यांच्या डोक्यावर धडकते. चूल विझते, कोयता बंद राहतो, उचल फिटत नाही, तान्ही मुले ओल्या चाऱ्यावर झोपतात. इशारा गुजरातीत निघतो, यांची बोली भिली, पावरी किंवा मावची. गुजरात म्हणते ही महाराष्ट्राची माणसे, महाराष्ट्राच्या यादीत ती त्या दिवशी घरी असतात.

भरपाईचे म्हणाल तर चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटर पडला तर अतिवृष्टी. पीकविम्यात २०२५ च्या आधी कापून शेतात वाळत घातलेल्या मालाला चौदा दिवसांचे संरक्षण होते, पण तेही शेतातल्या, अधिसूचित पिकाला. पथारी म्हणजे शेत नव्हे आणि पथारीवरची मिरची सातबाऱ्यावर नसते. तलाठी आला तरी काय लिहिणार? यात तुमचा दोष नाही. दोष आमचाही आहे. एवढा मोठा बाजार, आणि निम्म्या शतकात आम्ही चार शेड, दोन सुकवणी यंत्रे यांपलीकडे विचार केला नाही. 'ऊन फुकट आहे' या वाक्यावर आमचे बाप श्रीमंत झाले, आम्ही त्याच वाक्यावर बसून आहोत. ते भांडण मी बाजारातल्या लोकांशी वेगळे करतो, आणि ते मला त्यासाठी चहाही पाजत नाहीत.

तुमच्याकडे मागणे आहे ते असे. तुमचे खाते आता अंदाजाबरोबर परिणामही सांगते. रस्ते, झाडे, वीज, मासेमारी यांचे काय होईल ते लिहिते. त्यात ऑक्टोबर ते मार्च या काळापुरती एक ओळ नंदुरबारसाठी घाला: उघड्यावर वाळणारा माल. मिरचीच कशाला, त्याच दिवसांत दोंडाईचापासून गुंटूरपर्यंत कुठे ना कुठे काही ना काही वाळत असतेच. त्या ओळीसाठी हलका पाऊसही इशाऱ्याच्या लायक धरा. आणि वादळ विरते आहे असे पत्रक काढाल तेव्हा 'वारे कमकुवत' असे लिहा, 'वादळ कमकुवत' असे लिहू नका. त्याच्यापुढे ढग कुठवर गेलेत, तेही त्याच वाक्यात येऊ द्या. टीव्हीची पट्टी तुमचे वाक्य जसेच्या तसे उचलते. वाक्यात नसलेले ती घालणार नाही.

दुसरे मागणे जुने आहे. काही वर्षे कोळदे येथल्या कृषी विज्ञान केंद्रातून मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचे कृषी हवामान पत्रक निघायचे. मराठीत, तालुक्याला लागू पडेल असे. कापूस वेचून घ्या, फवारणी थांबवा, मिरची झाका. ते तुमच्याच योजनेतून होते. २०२४ च्या मार्चमध्ये देशभरातली अशी १९९ जिल्हा केंद्रे बंद झाली. नंदुरबार हा केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. आमची आकांक्षा मोठी नाही. पावसाचे ढग सुरतेवर असताना नंदुरबारात फोन करून सांगणारा एक माणूस पाहिजे, ज्याने पथारी डोळ्यांनी पाहिली आहे. ॲप आहेत, मला माहीत आहे. माझ्या मोबाईलमध्ये दोन आहेत. पण आमचा राखणदार ज्यावर भरवसा ठेवायचा तो आवाज कोळद्याच्या केंद्रातल्या मुलाचा होता. तो म्हणायचा, "काका, आज झाका, उद्या दुपारी उघडा." आणि बहुतेक वेळा दुपारीच उघडायची वेळ यायची.

तुमच्या खात्याला २०२५ च्या १५ जानेवारीला दीडशे वर्षे झाली. त्या दीडशे वर्षांत नंदुरबारच्या पथारीवर खात्याचा कुणी मोठा अधिकारी उभा राहिला असेल असे मला वाटत नाही. राहिला असेल तर क्षमा असावी. या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कुणाला तरी पाठवा. सुरतेहून गाडीने तीन-साडेतीन तास लागतात. संध्याकाळी चारच्या सुमाराला यावे, तेव्हा बायका मिरची उलथत असतात आणि कुणाचा ना कुणाचा डोळा पश्चिमेला लागलेला असतो. येताना रुमाल आणावा, ठसका लागतो.

आपला,
नंदुरबारचा एक निवृत्त मास्तर आणि निम्मा पथारीवाला